एका कढईतली लोकर

लोकर, सुया आणि विणणारी आई एवढं ऐकल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं ते मला माहीत आहे. आरामखुर्ची, नाकावर घसरलेला चष्मा, पायाशी मांजर. पुसून टाका. माझ्या मित्राची, म्हणजे सुऱ्याची आई, आमची काकी, दिंडोशीला दुधाच्या केंद्रावर बसायची, तिला चष्मा नव्हता आणि मांजरांशी तर धंद्यामुळेच वैर. आणि मुंबईत थंडी पडत नाही ही बातमी अख्ख्या मुंबईत एकट्या तिच्यापर्यंत पोचलेली नव्हती.

त्यात तिची चूक नव्हती म्हणा. सकाळी उजाडायच्या आत त्या खोक्याएवढ्या केंद्रात, गार बाटल्यांच्या मधोमध बसायचं, वरून आरे कॉलनीच्या झाडांतला वारा अंगावर घ्यायचा. तिथे बसून कुणालाही वाटेल की बर्फ पडायचाच काय तो बाकी आहे. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये काकीचे दहा-बारा टाके व्हायचे. खिडकीतून दुधाचं कार्ड आत आलं की ती कार्ड नंतर बघायची, आधी कार्ड धरणाऱ्याचा दंड बघायची. महिन्याभरात त्या दंडाला स्वेटर मिळायचा. मागितला नसला तरी. केंद्रासमोरचा इस्त्रीवाला मे महिन्यात, पेटलेल्या कोळशांपुढे, तिचा पोपटी स्वेटर घालून उभा असायचा. कारण तो अंगातून काढला की काकी विचारायची, "टोचता काय रे?" आणि या प्रश्नाला 'हो' म्हणणारा माणूस कॉलनीत जन्मला नव्हता.

मी बार्शीचा. अंधेरीच्या कारखान्यात सुऱ्याच्या बाजूच्या मशीनवर होतो आणि रविवारी त्याच्याकडे जेवायला असायचो. जेवणाच्या बदल्यात मी दोन कामं करायचो. एक म्हणजे नकला. शाळेतल्या हेडमास्तरांपासून कारखान्याच्या मुकादमापर्यंत सगळे माझ्या गळ्यात राहायचे. दुसरं काम, लोकरीची लडी धरणं. दोन्ही हात पुढे करून बसायचं, हातांवर लडी चढवायची आणि काकी समोर बसून तिचा गोळा करणार. काकीची पद्धत अशी, की ज्याला जे काही सुनवायचं ते तो लडी धरून बसला असतानाच सुनवायचं. माणूस उठू शकत नाही, कान झाकू शकत नाही, आणि माझ्यासारख्याची तर वाटच लागते. हातांशिवाय नक्कल कशी करणार?

लोकर आणायला ती मालाडला जायची आणि पिशवी धरायला मी. दुकानातला शेठ तिला बघून, तिने लवकर आटपावं म्हणून, आधी पंखा बंद करायचा, कारण पुढचा तासभर काय होणार ते त्याला पाठ होतं. काकी गोळा गालावर घासणार. मग वास घेणार. मग गोळा मुठीत घेऊन भर रस्त्यात उन्हात जाऊन उभी राहणार, आणि मागून शेठ ओरडणार, "बेन, ट्यूबलाइट है ना इधर!" काकी म्हणायची, "ट्यूबलाइट खोटा बोलता." शेवटी वेष्टनावरचा नंबर बघायची. सुऱ्याचे वडील पूर्वी गिरणीत रंगखात्यात होते, त्यांनी तिला शिकवलेलं, की एकच रंग दोन कढयांतून काढला की तो एक राहत नाही. प्रत्येक कढईचा नंबर वेगळा. एका अंगाला एकाच कढईची लोकर हवी.

आणि मग सुऱ्याला पठाणकोटच्या बाजूला धरणाच्या कामावर नोकरी लागली. जिथे खरोखर थंडी पडते! म्हणजे इतकी वर्षं इस्त्रीवाल्यापासून सगळ्यांवर काकीची नुसती तालीमच चालली होती, खरा स्वेटर आता होणार होता. गर्द निळा. रविवारी दुपारी सुऱ्या निघणार, आणि गुरुवारी डावी बाही उरली, लोकर संपली. केंद्र सोडून तिला जाता येईना. तिने मला निळ्या धाग्याचा तुकडा दिला, कढईचा नंबर लिहिलेली चिठ्ठी दिली आणि सांगितलं, "दोन गोळे. उन्हात बघ हां, झिला."

मी दुकानात पोचलो तेव्हा चार-पाच बायका होत्या. शेठ म्हणाला, "आज बेन नहीं आयी?" संपलं. एवढं कारण मला पुरतं. खांद्यावर रुमालाचा पदर घेतला, गोळा गालाला लावला, वास घेतला, "शेठ, ह्या लोकरीक सर्दी झाली आसा," म्हटलं. बायका हसून एकमेकींवर पडल्या. मग भर रस्त्यात उन्हात जाऊनही उभा राहिलो. फक्त हातात लोकर नव्हती, शेठचं धूळ पुसायचं फडकं होतं. ते मी उन्हात धरून असं काही तपासलं, की पानवाल्यानेही टाळी दिली. झकास झालं सगळं. शेठने हसत हसत दोन निळे गोळे बांधून दिले. चिठ्ठी माझ्या खिशातच राहिली.

"उन्हात बघलंस मां?" काकीने विचारलं.

"हो काकी, रस्त्यावर उभा राहून." हे काही खोटं नव्हतं.

रविवारी सकाळी सुऱ्याने स्वेटर घातला आणि गॅलरीत उन्हात आला. अंग निळं, उजवी बाही निळी आणि डावी बाही जांभळट. अगदी थोडी. पण एकदा दिसली की दुसरं काही दिसेना. सुऱ्या म्हणाला, "चालतं गं आये, कोण बघतंय तिकडे?" काकीने स्वेटर उतरवून घेतला. कात्रीने खांद्याचा टाका कापला आणि तीन दिवसांची बाही बसल्या जागी उसवली. सुऱ्या वडिलांची जुनी शाल घेऊन गेला.

पुढचे दोन रविवार मी बाहेर जेवलो. तिसऱ्या रविवारी काकांनी निरोप धाडला. गेलो तर काकीने 'बस' म्हणून खूण केली आणि माझ्या हातांवर लडी चढवली. तीच उसवलेली जांभळट लोकर, धुऊन वाळवलेली.

"शेटीने सांगितल्यान माका सगळा," काकी गुंडाळायला लागली. "फडक्याक ऊन दाखवलंस मरे? त्या गोळ्यांच्याच बाजूक होती रे माझी लोकर! सोमवारी जाऊन आणलंय, बाही करून पार्सल धाडलंय. पण झील माझो शाल पांघरून गेलो. तुका सगळा करून दाखवूक येता, बघूक मात्र येणा नाय!"

ती बोलत राहिली, लडी संपत आली, आणि मग मध्येच गुंडाळायची थांबली. गोळा मांडीवर ठेवून म्हणाली, "आता सुऱ्या रविवारचो कसो उठता, ता कर बघू."

हात अडकलेले. नुसत्या गळ्यावर मी सुऱ्या काढला. जांभई दिली आणि म्हटलं, "आये, चाय दी गो."

काकीने दाराकडे बघितलं. मग एकदम खेकसली, "असो बोलता तो? मेल्या, चार वर्षां त्याच्या बाजूक बसान जेवलंस, आवाज आयकलंस नाय कधी? परत कर. आणि हात वयर धर, लोकर जमनीक लागता!"