ठमीने वाळवलेला कोको

चामटोलीच्या वरच्या वाडीतली ठमी पन्नाशीला आली, तेव्हा तिच्या हाताला कोको लागला. तोवर तिने मोहाची फुलं वाळवली होती, हिरडे, आंबोशी, मासळी. वाळवणात तिचा हात धरणारं वाडीत कुणी नव्हतं, पण ते काही कसब आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. पोटासाठी ती रोहिणीताईंच्या बागेत निंदणीला जायची.

रोहिणीने नारळीच्या सावलीत कोकोची झाडं लावली होती. फळातल्या चिकट बिया केळीच्या पानांत सहा दिवस आंबवायच्या आणि मग सुकवायच्या, एवढं ती शिकून आली होती. पहिला माल तिने विजेच्या ड्रायरमध्ये एका दिवसात सुकवला. दुसरा तापलेल्या पत्र्यावर पसरला, तोही चटकन खडखडीत झाला. उल्हासनगरात चॉकलेट बनवणाऱ्या हरेशशेठनी दोन्ही वेळा एकच सांगितलं : आंबट.

"आंबवण्यातच काही चुकतंय," रोहिणी म्हणाली.

ठमीने एक बी फोडून हुंगली. "ताई, साल वाळली, पोट वलंच हाय. घाई केली का वरचं कवाड बंद व्हतं. आतला आंबूसपना जाईल कुठनं?"

"मग?"

"आठ दिवस माझ्या हातात द्या."

ठमीने माचावर बांबूच्या चटया टाकल्या. पहिल्या दिवशी थर जाड ठेवला, भर दुपारी वरून फडकं घातलं. दर थोड्या वेळाने ती बिया हाताने खालीवर करायची. पुढे रोज थर पातळ होत गेला. आठव्या दिवशी तिने मूठ आवळली, तर बिया कुरकुरल्या. या वेळी शेठनी माल ठेवून घेतला आणि आणखी मागितला.

दिवाळीच्या तोंडावर मात्र आभाळ फिरलं. बाकीचा माल वाळून झाला होता, पण शेवटच्या चटईवरच्या बिया अर्ध्याच वाळल्या होत्या आणि रोहिणी बाहेरगावी. बुरशी धरेल या भीतीने ठमीने ती चटई घरात नेऊन चुलीवरच्या माळ्यावर पसरली. तिची आई मासळी तशीच वाचवायची. पाऊस थांबला तोवर बिया छान वाळल्या होत्या. तिने एक चावून पाहिली आणि तिचं तोंड उतरलं. धूर आतपर्यंत मुरला होता.

दिसायला त्या बाकीच्यांसारख्याच होत्या. मोठ्या ढिगात मिसळल्या असत्या तर कुणी तिच्याकडे बोट दाखवलं नसतं. ठमीने त्या वेगळ्या गोणीत बांधल्या. चार दिवसांनी, रोहिणी परतली त्याच दिवशी, शेठ स्वतः माल बघायला आले, तेव्हा तीच पुढे झाली.

"ही गोन घेऊ नका. धुराची हाय. मीच चुलीवर ठेवली व्हती."

शेठनी एक बी चाखली, मान हलवली. "मिक्स केलं असतं तर माझी पूरी बॅच गेली असती," ते रोहिणीला म्हणाले. "यापुढे गोणी या बाईंनी बांधलेलीच पाठवा."

रोहिणी रागावली नाही. "पावसाचा विचार मी करायला हवा होता," एवढंच म्हणाली. पुढच्या हंगामाआधी तिने पारदर्शक छपराची, चारी बाजूंनी वारा खेळणारी शेड बांधली. जागा ठमीने निवडली. निंदणीला आता दुसऱ्या बायका येतात. ठमी शेडमध्ये असते, वाडीतल्या बकुळाला शिकवत.

"डोळ्यानं नको बघू," ती सांगते. "मुठीत धर आन् ऐक."