मागच्या बारचं आतलं भोक

शंकरअण्णा गाडी तपासताना स्टिअरिंगवर कधी बसायचे नाहीत. मालकाला चालवायला लावून स्वतः शेजारी डोळे मिटून बसत. "डोळं उघडं ठिवलं की नुसता रस्ता दिसतो, गाडी कळत न्हाय," म्हणायचे.

धाराशिवला तुळजापूर रस्त्यावर त्यांचं गॅरेज. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. मुलीनं गॅरेजात काम शिकायला माझ्या वडिलांची, आबांची तयारी नव्हती. तेव्हा अण्णा स्वतः आमच्या गावी आले. "आबा, माझ्या लेकीगत सांभाळतो," म्हणाले. आबांना तेवढं पुरलं. खरंच, त्यांनी मला कधी नुसता झाडू दिला नाही, पाना दिला.

एकदा एका डॉक्टरांची दोन दारांची स्पोर्ट्स कार आली. वळणावर ती फार कलते, ही तक्रार. हे कलणं रोखायला डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी एक पोलादी दांडी असते, स्टॅबिलायझर बार. तिच्या टोकाशी दोन भोकं. बाहेरच्या भोकात जोडली तर बार मऊ, आतल्यात कडक. अण्णांनी मागचा बार आतल्या भोकात कसला.

मी भीत भीत म्हणाले, "अण्णा, मागं एवढं कडक नको. ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटतील."

"व्हय गं इंजिनिअरीणबाई! पर डॉक्टरला गाडी अजाबात कललेली नको हाय. राहू दे."

त्याच आठवड्यात घाटात, पावसात, गाडी गर्रकन फिरली आणि कठड्यावर आदळली. डॉक्टर सुखरूप होते, पण तणतणत आले. "कुणी कसला हा बार?"

अण्णांनी हात पुसले. मग एक हात माझ्या खांद्यावर ठेवून अगदी मायेनं म्हणाले, "जाऊ द्या साहेब. पोर शिकतीया. तिच्या हातनं झालं."

डॉक्टरांचा आवाज लगेच खाली आला. मुलीचं काम म्हटल्यावर त्यांना सगळं पटलंच. अण्णांनी पाना उचलला आणि दुसऱ्या गाडीखाली शिरले.

घरी पोचले तर बातमी माझ्या आधी पोचली होती.

"आबा, म्या न्हाय कसला. म्या तर नको म्हणत हुते."

आबांनी मला पुढं बोलूच दिलं नाही. "अण्णा खोटं बोलंल व्हय? उद्या जा, माफी माग. आन् गॅरेज बास आता."

दुसऱ्या दिवशी गेले. मान खाली घालून माफी मागितली. वाटलं, आता तरी ते काही बोलतील.

"असू दे बाळा," अण्णा म्हणाले, "शिकताना चुका व्हत्यात." आणि त्यांनी मला माफ केलं.