दोन खांद्यांची मापं

आईच्या मापाच्या वहीत रायपूरच्या आमच्या गुढियारी वस्तीतल्या अर्ध्या बायकांच्या कुर्त्याची लांबी एकेका आकड्यात होती. माझी तेवढी दोन आकड्यांत: उजवी आणि डावी. बाराव्या वर्षापासून माझा कणा वळत गेला आणि डावा खांदा खाली गेला. आई शिवणकाम करायची. तिनं डॉक्टरच्या आधी कात्री हाती घेतली. डाव्या खांद्यात पॅड, डावीकडचा घेर बोटभर आखूड. तिच्या कपड्यांत मी इतकी सरळ दिसायचे की कुणाला पत्ता लागला नाही. तिला याचा गर्व होता आणि मला राग. अंघोळीच्या वेळी मी वाकडीच असायचे ना.

सोळाव्या वर्षी रेल्वेचा पूल चढताना धाप लागू लागली. तोवर रायपूर नव्या छत्तीसगडची राजधानी झालं होतं. रेल्वेत नोकरीला असलेले बाबा, जणू राजधानी त्यांनीच आणली अशा थाटात म्हणाले, "आता नागपूरले काहून जायचं? इथंच होते सारं." इथल्या डॉक्टरांनी समजावलं: कण्यात स्क्रू बसवून दोन दांड्यांच्या आधारानं तो सरळ करायचा. पायांना धोका थोडा, पण आहे.

आई अडून बसली. "वाकडी तं वाकडी, चालून तं राहिली ना माही पोट्टी." मीही हट्टाला पेटले. दोन दिवस जेवले नाही. म्हणजे तिच्यासमोर जेवले नाही. शेवटी ती गोल बाजारात गेली आणि मोरपंखी कापड घेऊन आली. "घरी येशील तं याचाच कुर्ता घालून येशील," एवढंच म्हणाली. तो होकार होता.

ऑपरेशन चाललं होतं तेव्हा ती बाहेर बाकावर त्या कुर्त्याची तुरपाई करत बसली होती, असं बाबांनी नंतर सांगितलं. मी शुद्धीवर आले तर डॉक्टर म्हणत होते, "बेटा, पैर का अंगूठा हिलाओ." मी हलवला. दारातून आई बघत होती. तिनं तोंडाला पदर लावला. इतकं सुख मला आधी कधी झालं नव्हतं, आणि पाठ इतकी कधी दुखलीही नव्हती.

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी कुर्ता घातला. आरशात बघते तर डावा खांदा कानाकडे निघालेला, डावीकडचा घेर वर. आईनं सवयीनं जुन्याच मापावर बेतला होता. पॅडसुद्धा विसरली नव्हती. मला हसू आवरेना, टाके ओढले गेले. आई मात्र खाली बघत राहिली. "मले वाटलंच नव्हतं बाई, तू खरंच सरळ होशील."

मी कुर्ता बदलला नाही. तसाच घालून आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, उतरले. शेजारची दीदी हळहळली, "ऑपरेशन के पहले तो सीधी थी!"

घरात शिरताच आईनं टेप काढला. "उभी राय." उजव्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत मोजलं. मग डाव्या. मग पुन्हा डाव्या. थोडा फरक अजून होता, मलाही तो टेपवर दिसला. दुसऱ्या कुणाच्या मापात सुताचा फरक न सोडणारी माझी आई वही घेऊन बसली, माझे दोन्ही आकडे खोडले आणि एकच लिहिला.