लिहून राहिली

जबलपूरजवळच्या खमरियात, कारखान्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये मेश्रामांच्या घरी प्रणोतीची मुलाखत असली, की सगळं घर तोंडाला कुलूप लावून बसतं. तिची आई, लीलाबाई, त्या दिवशी कुकर लावत नाहीत, डाळ पातेल्यात शिजवतात. पंखा बंद, कारण तो खडखडतो. वरच्या मजल्यावरच्या राधाबाईंना निरोप जातो, आज मसाला कुटू नका. वडील दयाराम कारखान्यात दुपारच्या पाळीला असले, तर सकाळभर खाली पायऱ्यांवर पहाऱ्याला बसतात. भाजीवाला ओरडायच्या आत त्याला हात जोडून पुढे धाडतात.

मार्चमधली ही मुलाखत चौदावी. पहिल्या वेळी घरात लग्नघरासारखी धांदल होती. आता लीलाबाई फक्त "किती वाजता?" एवढंच विचारतात आणि पातेलं शोधायला लागतात.

प्रणोती सदतीस वर्षांची, समाजशास्त्रातली पीएचडी. शहरातल्या एका कॉलेजात गेली नऊ वर्षं ती अतिथी प्राध्यापक म्हणून शिकवते. घरी आलेला पाहुणा नऊ वर्षं राहिला तर लोक त्याला घरचाच धरतात. कॉलेजात तशी पद्धत नाही. तिथे दर जुलैत पुन्हा नव्याने अर्ज करून पाहुणं व्हावं लागतं. म्हणून मग या ऑनलाइन मुलाखती. वर इस्त्रीचा कुर्ता, खाली घरची विटलेली सलवार. अकराची वेळ दिलेली असते आणि पावणेबारापर्यंत पडद्यावर 'कृपया थांबा'. तोपर्यंत चेहरा हसरा ठेवायचा, कारण कधी उघडतील याचा नेम नाही. एकदा एक प्रोफेसर सबंध मुलाखतभर पोहे खात होते. मध्य प्रदेशातले विचारायचे, "मेश्राम? यानी महाराष्ट्र से?" आणि महाराष्ट्रातले विचारायचे, "जबलपूर? म्हणजे हिंदीवाले ना तुम्ही?" आणि इंग्रजीवर जायचे. घरची ना घाटची, अशी गत. नकाराची माणसाला सवय होते. पण दर वेळी नव्याने आशा धरायची सवय काही होत नाही, आणि त्यानेच ती पार थकली होती.

तिची मैत्रीण नेहा विजय नगरला शाळकरी मुलांची कोचिंग चालवते. तिला नागरिकशास्त्राला कोणीतरी हवं होतं. "आज संध्याकाळपर्यंत सांग यार, नाहीतर मी दुसरी बघते," असं तिने सांगून ठेवलं होतं. प्रणोतीने मनाशी ठरवलं, ही शेवटची. लागली तर कॉलेज, नाहीतर दहावीची मुलं. पुन्हा अर्ज करायचा नाही.

कॉलेज महाराष्ट्रातलं होतं. पडद्यावर तीन चौकोन उघडले. मधल्या चौकोनातल्या अध्यक्षबाई तिचा अर्ज पाहून हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही तर मराठीच! मग मराठीतच बोलू या की."

तेरा मुलाखतींत हे कोणी म्हटलं नव्हतं. प्रणोतीचे खांदे खाली आले. इंग्रजीत आणि हिंदीत बोलताना ती ताठ बसायची. मराठी तर आईशी बोलायची भाषा. बिचारी सैलावली, आणि तिथेच घोटाळा झाला.

"सध्या काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, मी सध्या कारखान्यातल्या बायांच्या पाळ्यांवर पेपर लिहून राहिली."

डावीकडच्या चौकोनातले वयस्कर गृहस्थ पुढे वाकले. "राहिली? म्हणजे लिहायचा राहिला का?"

तिसऱ्या चौकोनात कोणीतरी खुदकन हसलं. वाईट हेतूने नसेल, पण हसलं.

"नाही सर. लिहून राहिली म्हणजे... लिहिते आहे."

"अच्छा, तिकडची लकब. गोड आहे ऐकायला," गृहस्थ म्हणाले. "पण वर्गात मुलांपुढे प्रमाण मराठी लागेल हो."

बस्स. त्यानंतर प्रणोतीने प्रत्येक वाक्य तोंडात आलं की आधी तपासून घेतलं. 'मी' की 'आम्ही', 'बाया' की 'स्त्रिया', क्रियापद शेवटी नीट बसलं की नाही. तांदूळ निवडावेत तशी ती शब्द निवडत बसली आणि नऊ वर्षं शिकवलेला विषय हातातून सांडत गेला. मग अध्यक्षबाईंनी खरोखर चांगला प्रश्न विचारला. "या कामगार स्त्रिया तुमच्याशी मोकळेपणी बोलल्या कशा?"

याचं उत्तर जगात तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. राधाबाई तीस वर्षं त्या कारखान्यात होत्या. वहीपेन काढलं की त्या गप्प व्हायच्या. शेवटी प्रणोतीने वही ठेवून दिली, सबंध हिवाळा त्यांच्या दाराशी बसून मटार सोलले आणि एक दिवस सहज विचारलं, "मावशी, तू रात्रपाळी काहून मागून घेत होती वं?" राधाबाई हसल्या, मग रडल्या, आणि अर्धा प्रबंध त्या दुपारी तिच्या पदरात पडला.

पण 'का'ऐवजी घरचा 'काहून' तिच्या ओठांवर आला आणि तिने तो गिळला. त्याच्याबरोबर मटार गेले, राधाबाई गेल्या.

"सहभागी निरीक्षणाच्या माध्यमातून त्यांचा विश्वास संपादन केला," ती म्हणाली.

अध्यक्षबाईंचा चेहरा विझला. "बरं. कळवू आम्ही."

चौदा ठिकाणचे 'कळवू' ऐकलेल्या माणसाला त्यातला खरा-खोटा कळतो. लॅपटॉप मिटायच्या आत प्रणोतीने नेहाला लिहिलं, 'सोमवारपासून येते.' तिला स्वतःचाच भयंकर राग आला होता. ते हसले, त्याचा नाही. त्यांच्या हसण्यापायी आपण राधाबाईंना दाराबाहेर ठेवलं, त्याचा.

ती स्वयंपाकघरात आली. पाठोपाठ पायऱ्यांवरून दयारामही वर आले. "कसा झाला इंटरव्ह्यू, बेटा?"

"मुलाखत समाधानकारक झाली," प्रणोती म्हणाली. "त्यांनी निर्णय नंतर कळवण्याचे आश्वासन दिले आहे."

दयारामांनी बायकोकडे पाहिलं. लीलाबाईंनी हातातली पळी खाली ठेवली, जवळ येऊन लेकीच्या कपाळाला हात लावला, ताप बघतात तसा.

"अशी काहून बोलून राहिली वं आमच्यासंग?" त्या घाबरून म्हणाल्या. "आमी का कमिटी हाव?"

तेरा वेळा कोरड्या डोळ्यांनी जेवायला बसलेली प्रणोती तिथेच ओट्याला टेकून हमसाहमशी रडायला लागली, आणि घरात कोणीच तिला आवाज कमी कर म्हणालं नाही.