आठ दिवसांचा आराम

एकोडीच्या इश्वरच्या नशिबी पोलिसाची वर्दी आली नाही. चार भरत्या केल्या, चारही वेळा धापा टाकत परतला. रोज जीव खाऊन धावायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं. वय निघून गेल्यावर एका शिबिरात कळलं की दम वाढतो तो हळू धावून. आठवड्यात दोनच दिवस जोर लावायचा, आणि परीक्षेआधी आठ दिवस पायांना विसावा द्यायचा, कारण कमावलेली ताकद आरामातच अंगी लागते. अक्कल आली, पण वरातीमागून घोडं.

मग तो गावातल्या पोरींना शिकवू लागला. गप्पा मारता येतील इतक्या सावकाश पळणाऱ्या पोरी बघून गाव हसलं. हे धावणं आहे की बाजाराला जाणं, असं लोक विचारत. एकेक करून आईबापांनी पोरी काढून घेतल्या. उरली कौशल्याबाईची रीना. तिने दीड वर्ष त्याचा शब्द खाली पडू दिला नाही, आणि आठशे मीटर पुरे गुण मिळतील इतक्या वेळात आणले.

भरतीची तारीख नेमकी धानाच्या रोवण्यात, भातलावणीच्या ऐन घाईत आली. इश्वरने आठ दिवस आराम सांगितला. कौशल्याबाई म्हणाली, "धावाले जाऊन नाही राहिली, मंग पोरगी घरी खालीच त बसून आहे." आणि लेकीला मजुरीने रोवायला घेऊन गेली.

तिसऱ्या दिवशी इश्वर स्वतःच्या बांधीवर, धानाच्या खाचरावर गेला, तर गुडघाभर चिखलात रीना वाकलेली. तिला तिथल्या तिथे घरी धाडायला हवं होतं. पण बाया मिळत नव्हत्या, दोन बांध्या उरल्या होत्या, रोपं पिवळी पडत होती. तो एवढंच बोलला, "जास्त वाकू नको, बाई." न वाकता रोवणा कोण करतं? त्याची त्यालाच लाज वाटली, तरी तो रोपांच्या जुड्या टाकत पुढे गेला.

भंडाऱ्याच्या मैदानावर रीना पहिला फेरा छान धावली, दुसऱ्यात मांड्या दगड झाल्या. चार सेकंद जास्त लागले, यादीत नाव आलं नाही. आराम करायला लावून इश्वरने पोरीचं वाटोळं केलं, असं गाव म्हणालं. त्याने ऐकून घेतलं. खरं कारण सांगितलं असतं, तर बांधी कुणाची, तेही सांगावं लागलं असतं.

कापणीला रीना पुन्हा त्याच्याच बांधीत आली. धान जोरात आला होता. विळा थांबवून ती म्हणाली, "सर, मायले समजत नव्हतं. तुमाले त समजत होतं न?"

इश्वरने पेंढी उचलली आणि शेताच्या कडेच्या धुऱ्याकडे चालू लागला.