न ऐकता म्हटलेलं ‘व्हय’

माणसाचे कान जायला लागले की पहिल्यांदा त्याला ते कळत नाही, आणि कळलं की तो ते लपवायला लागतो. माझंही तसंच झालं.

माझी उमेदीची सगळी वर्षं शिरूरच्या बाजूच्या एमआयडीसीत, पत्र्याचे भाग दाबणाऱ्या मशिनवर गेली. कानात घालायचे बोळे कंपनी द्यायची. ते खिशात ठेवायचे आणि सेफ्टीचे साहेब येताना दिसले की कानात कोंबायचे, अशी आमची रीत होती. घामानं कान खाजतो, शेजारच्याचं बोलणं कळत नाही, अशी कारणं आम्ही एकमेकांना द्यायचो. शेजारच्याचं बोलणं कळावं म्हणून बोळे काढले आणि शेवटी तेच कळेनासं झालं.

लपवायचं कसं, तर ‘व्हय’ म्हणून. समोरच्याच्या ओठांकडं बघायचं आणि वाक्य संपलंसं वाटलं की मान हलवून ‘व्हय’ म्हणायचं. बहुतेक वेळा भागतं. जेवण झालं का, कांदा काढला का, येता का चहाला, सगळ्याला ‘व्हय’ चालतं. गावात एकदा माणूस बहिरा ठरला की लोक त्याच्याशी बोलायचं थांबतात आणि त्याच्याविषयी त्याच्यासमोरच बोलायला लागतात. माझ्या एका चुलत्याचं तसं झालं होतं. पोरं त्याच्या मागं उभी राहून शिव्या द्यायची आणि तो बिडी ओढत बसायचा. आम्ही हसायचो. त्याच्या जागी मला जायचं नव्हतं.

लाजेची गोष्ट अशी की माझी मुलगी पुण्याच्या कॉलेजात कानाचंच शिकत होती. कान तपासायचे, ऐकायचं मशिन बसवायचं आणि ज्या पोरांना बोलता येत नाही त्यांना बोलायला शिकवायचं, असा तो चार वर्षांचा कोर्स. डॉक्टरकीला तिचे मार्क कमी पडले. कंपनीतल्या एका साहेबांच्या मुलीनं हा कोर्स केला होता, म्हणून मी हिच्यासाठी त्याचाच फॉर्म भरला. गावात कुणाला तो धड सांगता यायचा नाही. माझा मेहुणा तर प्रत्येक सणाला तिला डिवचायचा.

“कानात त्याल घालायला पुण्याला कशाला जावं लागतंय गं? आमची म्हातारी फुकाट घालती.”

“मामा, तुमच्या म्हातारीनं त्याल घातल्यावरच तर पेशंट येत्यात आमच्याकडं,” ती म्हणायची.

तोंडानं तिखट होती. पण तिसऱ्या वर्षाला ती गप्प गप्प राहायला लागली आणि मला ते बरं वाटलं, कारण कमी बोलणारं माणूस मला सोपं जायचं.

दर शनिवारी ती पुण्याहून रेल्वेनं दौंडला यायची. मी मोटारसायकल घेऊन स्टेशनवर जायचो. भीमेचा पूल ओलांडून इनामगावच्या अलीकडं आमचं गाव. वाटेत उसाच्या ट्रॉल्या, वारा आणि गाडीचा आवाज. ती मागून बोलत राहायची आणि मी अधूनमधून ‘व्हय’ म्हणायचो. एका शनिवारी तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी विचारलं. विचारलं एवढं कळलं, काय ते कळलं नाही. मी म्हणालो, “व्हय, चालंल की.” त्यानंतर ती घरापर्यंत बोलली नाही. मला वाटलं, दमली असेल.

पुढच्या शनिवारी ती पेटी आणि गादीची वळकटी घेऊन गाडीतून उतरली. गादी उन्हात घालायला आणली असेल, असं समजून मी ती मोटारसायकलला बांधली. घरी आल्यावर तिची आई दारातच म्हणाली, “एवढं बिऱ्हाड कशाला आणलंस गं?”

“कॉलेज सोडलं मी. आप्पांना इचारलंय. चालंल म्हणाले.”

ती माझ्याकडं तोंड करून बोलत होती. तिच्या ओठांवरून मला सगळं कळलं.

बायको माझ्याकडं वळली. “तुम्ही चालंल म्हणाला? मला एका शब्दानं न इचारता?”

मुलगा ओट्यावर बसला होता. तो म्हणाला, “आप्पा, तिसरं वरीस निम्मं झाल्यावर?”

मला एवढंच म्हणायचं होतं की पोरी, मला तुझं ऐकूच आलं नव्हतं. पण सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, “व्हय. म्हणालो मी.”

हे ‘व्हय’ मात्र मी नीट ऐकून म्हटलं होतं. माझा कान झाकायला मी मुलीचं शिक्षण पुढं केलं.

ती का सोडून आली, ते मला रात्री बायकोकडून कळलं. कॉलेजच्या दवाखान्यात तिच्याकडं एक लहान मूल दिलं होतं. चित्र दाखवायचं, शब्द म्हणायचा आणि मुलानं तो मागून म्हणायचा. चित्र पाण्याच्या पेल्याचं होतं. ही ‘पानी’ म्हणाली. मूलही ‘पानी’ म्हणालं आणि टाळ्या वाजवायला लागलं. मुलाची आई तिथंच बसलेली. ती शिकवणाऱ्या मॅडमना म्हणाली, “या ताईंनाच नीट बोलता येत नाही, त्या माझ्या मुलाला काय शिकवणार?” ते मूल दुसऱ्या मुलीकडं गेलं. हॉस्टेलवर तिच्या मैत्रिणी जेवताना ‘लोनी वाढू का गं’ म्हणायला लागल्या. त्या चेष्टेनं म्हणायच्या, पण हिनं लोणी खायचं सोडलं. आरशासमोर उभी राहून ‘ण’ घोटत बसायची. हे सगळं तिनं मला मोटारसायकलवर, दौंडहून घरी येताना, मागून सांगितलं होतं. आणि शेवटी विचारलं होतं, सोडलं तर चालंल का.

तिनं काय धरलं असेल, ते मला आता कळतं. बापानं सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाला, चालंल की.

सकाळी ती गोठ्यात गाईला वैरण टाकत होती. मी जाऊन तिच्यासमोर उभा राहिलो.

“मला त्या दिवशी ऐकूच आलं न्हाई.”

“काय?”

“तू गाडीवर काय बोललीस, ते. मला लई दिवस झाले, नीट ऐकू येत न्हाई.”

तिनं हातातली वैरण खाली टाकली. ओढणीचं टोक तोंडावर धरलं. तिचे डोळे माझ्यावर होते आणि ओढणी हलत होती. मग ओढणी खाली करून म्हणाली, “काय म्हणाले मी?”

मला फक्त एक बारीक कुजबुज आल्यासारखी वाटली होती. मी मानेनंच नाही म्हणालो.

“कवापासनं?”

“चार-पाच वर्षं झाली असतील.”

“म्हंजी मी कॉलेजला जायच्या आधीपासनं!” ती रागानं लाल झाली. “मी तिथं जगाचे कान तपासते, आन् घरात तुम्ही व्हय-व्हय करून मला बनवताय? आईला म्हाईत हाय?”

“न्हाई.”

“आन् काल सगळ्यांसमोर ‘म्हणालो मी’ म्हणून सांगितलंत!”

तिनं खाली पडलेली वैरण उचलून गाईपुढं सारली. मग म्हणाली, “कापडं धुऊन ठेवा. सोमवारी पुण्याला जायचं. कॉलेज सोडलंय मी, पण तपासणी तिथंच करायची.”

पुण्याला कॉलेजच्या दवाखान्यात तिच्या वर्गातलीच एक मुलगी तपासायला होती. मला काचेच्या खिडकीच्या एका बंद खोलीत बसवलं, कानावर हेडफोन लावले. बारीक आवाज आला की बोट वर करायचं. सुरुवातीला येत गेले, मग थांबले. मला वाटलं, मुलगी विसावा घेत असेल. नंतर कळलं की आवाज सारखे चालू होते. काचेपलीकडं माझी मुलगी उभी होती आणि माझं बोट वर जात नाही हे बघत होती.

मग शब्द. त्या मुलीनं म्हणायचं, मी मागून म्हणायचं. शब्द मोठ्या आवाजात येत होते. मला जमतंय असं वाटत होतं आणि मी पोरासारखा हुरूपानं म्हणत होतो. थोड्या वेळानं दार उघडलं. ती मुलगी, तिच्या मॅडम आणि माझी मुलगी आत आल्या. मॅडम तोंड समोर ठेवून खणखणीत बोलायच्या, बहिऱ्या माणसांची सवय असणार.

तपासणारी मुलगी म्हणाली, “मॅडम, काकांचे शब्द फारच चुकलेत. पाणी, लोणी, वेणी, शाळा, ताट, सगळे चूक.”

“काय काय म्हणाले?” माझ्या मुलीनं विचारलं.

“पानी, लोनी, येनी, साळा. आणि ताटाला पाट.”

“पाट ही चूक. बाकीचे बरोबर आहेत.”

“बरोबर कसे? ण ऐकू आला नाही म्हणूनच न म्हणाले ना?”

“ऐकू आला. आमच्याकडे तो असाच बोलतात.”

मॅडम म्हणाल्या, “कानाची चूक कुठली आणि बोलीची कुठली, हे तुला कसं कळतं?”

“मी यांच्याच तोंडून बोलायला शिकलेय, मॅडम,” ती म्हणाली. म्हणताना तिची मान खाली होती, म्हणून शब्द मला नीट दिसले नाहीत. त्या तपासणाऱ्या मुलीनं ते मला नंतर सांगितले. लोण्यावरून चिडवणाऱ्यांतली ही एक.

मॅडमनी खुणांचा कागद आपल्याकडं ओढला. मग म्हणाल्या, “मग पुढची शब्दांची यादी तू घे. खुणा मी करते.”

दार पुन्हा बंद झालं. हेडफोनमधून माझ्या मुलीचा आवाज आला. कित्येक वर्षांत तो मला असा आला नव्हता. घरात तो मला भिंतीपलीकडून आल्यासारखा यायचा. तिचा आवाज मधल्या काळात बाईमाणसाचा झाला होता, ते मला माहीतच नव्हतं. ती ‘फणी’ म्हणाली. तिचा ‘ण’ अगदी स्वच्छ होता. तो तिनं आरशासमोर उभं राहून घोटलेला होता. मी म्हणालो, “फनी.” काचेपलीकडं तिनं मॅडमना मानेनं खूण केली, बरोबर.

तपासणी झाल्यावर कॅन्टीनमध्ये चहा घेत तिनं मला तपासणीच्या छापील कागदावर रेघ काढून समजावलं. मशिनच्या आवाजानं माझे बारीक, उंच आवाज गेले होते, जाड आवाज शाबूत होते. म्हणून पुरुषांचं बोलणं त्यातल्या त्यात कळायचं, बायका-पोरांचं कमी.

“म्हंजी दादाचं तुम्हाला ऐकू येतं आन् माझं न्हाई, हे खरंच होतं तर,” ती हसून म्हणाली. “मला वाटायचं, पोरगी म्हणून ऐकत न्हाईत.”

मला तिथंच गप्प बसता आलं असतं. एवढी चांगली सबब मला कुणी आजवर दिली नव्हती, आणि तीही छापील कागदासकट. पण मोटारसायकलवरचं ‘व्हय’ एकदा मी घरात खरं करून दाखवलं होतं, पुन्हा तसलं काही नको होतं.

“सगळंच कानावर घालू नगं,” मी म्हणालो. “बारावीनंतर तू म्हणाली होतीस, मला शेतकी कॉलेजला जायचंय. माझ्यापुढं बसून म्हणाली होतीस. ते ऐकलं होतं मी.”

“मला म्हाईत हाय,” ती म्हणाली. “तवा तुम्ही व्हय म्हणाला नव्हता. उठून गेला होता.”

तिनं चहा संपवला. मला विचारायचं होतं की आता काय करायचं ठरवलंस. पण तिला इथं मीच आणून घातलेलं, मग राहा म्हणायचा की जा म्हणायचा अधिकार मला कुठला, हे कळेना. म्हणून मी कप फिरवत राहिलो.

तेवढ्यात मॅडम आल्या. उभ्या उभ्याच तिला म्हणाल्या, “न्हावऱ्याकडचे एक आजोबा येतायत परवापासून. अर्धांगानं वाचा गेलीय. परत बोलायला शिकवायचंय. त्यांच्या घरच्यांचं बोलणंच आमच्यातल्या निम्म्यांना कळत नाहीये. तू सुट्टीवर आहेस असं मी धरलंय. घेतेस का?”

मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. मला वाटलं, ती आधी माझ्याकडं बघेल. तशी सवय मीच लावली होती. घरात काही ठरवायचं झालं की सगळे माझ्याकडं बघायचे आणि मी मान हलवायचो.

तिनं बघितलं नाही. ती मॅडमना म्हणाली, “घेते. पण आजोबांना पानीच शिकवणार मी, मॅडम. घरचे तेच म्हणत असतील तर.”

“आधी पानी म्हणू देत,” मॅडम म्हणाल्या. “ण चं नंतर बघू.”

ती दप्तर घेऊन त्यांच्या मागं निघाली. दाराशी थांबून मागं वळली आणि मला दिसेल असं सावकाश म्हणाली, “आप्पा, दौंडची गाडी तुमची तुम्ही धरा. आन् माझी पेटी-वळकटी दादाकडं द्या पाठवून.”

मी म्हणालो, “मीच घेऊन येतो.”