हात गेला पाहिजे

"पाठीले काई झालं नव्हतं, बाई. आंघोळ घालणाऱ्यायनं सांगतलं मले. पाठ कोरी होती."

खामगावला मी शिकवते त्या शाळेच्या व्हरांड्यात उभं राहून चांदभाई पिंजाऱ्यानं नारायणमामा गेल्याची बातमी दिली ती अशी, शेवटाकडून. आधी पाठ, मग मरण. कोणी तिऱ्हाईत ऐकत असता तर म्हणाला असता, हा काय बोलून राहिला आहे! पण मला सगळं कळलं. पायांत जीव नसलेला माणूस इतकी वर्षं अंथरुणावर काढतो, छातीत कफ भरून चार दिवसांच्या तापानं जातो आणि जाताना त्याच्या पाठीवर एक जखम नसते... आमच्या घरात याहून मोठी बातमी नव्हती. मी तिथंच पायरीवर बसले आणि रडायच्या आधी म्हणाले, "मामीनं जिंकलं, चांदभाई." तो म्हणाला, "हाव."

माझी आई मी लहान असतानाच गेली, म्हणून मी वाढले मामांकडे, वरवट बकालच्या अलीकडच्या एका खेड्यात. कापसाचं घर. मामांचा आवाज असा, की ज्वारीच्या दिवसांत माळ्यावर उभं राहून त्यांनी एक हाळी दिली की आपल्या शेतातली पाखरं उडायचीच, पण शेजारच्याच्याही शेतातली उडायची. शेजारी म्हणायचा, नारायणराव, माह्या वाटची गोफण मी इकून टाकली! त्याच मामांना एका हंगामात भरल्या कापसाच्या गाडीवरून पडायचं होतं. जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, जाताना उतारावर बैल बुजले, मामा वरून पाठीवर आदळले. कमरेखालचं सगळं गेलं. आवाज तेवढा राहिला.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या भागात घराची पत गादीवरून ठरते. पाहुणा आला की टेकायच्या आधी गादीवर मूठ दाबून बघतो. मूठ आत गेली तर घरधन्याची मान खाली. कापूस पिकवता आणि गादीत कंजुषी करता? त्यामुळे मामा अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर चांदभाईला बोलावून सांगितलं, "ठासून भर गा. आता मी हिच्यावरच राहाणार हावो." चांदभाईनं अंगणात धनुकली लावली, कापूस पिंजला आणि अशी गादी भरली की तिच्यावर पाटा ठेवून वाटण वाटावं. मूठ जाईना. सगळे खूश.

थोड्याच दिवसांत मामीला अंग पुसताना माकडहाडाशी लाल चट्टा दिसला. मग तो काळा पडला, मग फुटला. मामा म्हणत, "मले तं काईच दुखत नाई वं." खामगावचे डॉक्टर घरी आले, जखम पाहून ओसरीत गेले आणि मामीला हळूच म्हणाले, "दुखत नाही, याचीच भीती आहे. जखम हाडापर्यंत गेली तर मी काही करू शकणार नाही. सारखी कूस बदला, आणि मुंबईहून रबराची हवेची गादी मागवा."

कूस बदलायची म्हणजे आठवण कशी ठेवायची? घरात घड्याळ नव्हतं. मामीनं ती कामांना बांधून टाकली. जात्यावरून उठली की डावी कूस, भाकरी झाल्या की उजवी, म्हशीची धार झाली की पुन्हा डावी. कधी भाकरीला उशीर झाला तर मामा खोलीतून ओरडायचे, "अवो, भूक मले नाई, कुशीले लागली हाय!"

रबराची गादी शेगावच्या स्टेशनवर उतरली आणि मामांच्याच गाडीतून गावात आली. अर्धं गाव बघायला जमलं. लाल, पन्हळीपन्हळीची, एका कोपऱ्यात पितळी तोटी. तोंडानं फुगवायची. मी पुढं झाले तर मामांनी माझ्या हातून ती ओढून घेतली. "एवढंच काम माह्याकडे उरलं, ते तरी करू द्या बे!" पाखरं उडवणारी छाती ती. फुगवत राहिले, फुगवत राहिले. "आजूक मावते," म्हणत राहिले. शेवटी चांदभाईनं वरून मूठ दाबली आणि ओरडला, "वा दाजी! मूठ जात नाई!" लोकांनी माना डोलावल्या. मुंबईची झाली म्हणून काय झालं, गादी ती गादीच.

आणि जखम वाढत गेली. मामांना ताप येऊ लागला. मामी रोज संध्याकाळी पट्टी सोडायची आणि पुन्हा बांधायची. डॉक्टरांचं बोलणं तिनं मामांना सांगितलं नव्हतं, पण तिचं तोंड वाचायला काय लागतं? एकदा मामा मला म्हणाले, "मामीले जप वं पोरी." बस, एवढंच. मी मागच्या दारी जाऊन रडून आले.

मग काटा घुसला. शेतातून आलेल्या घोंगडीला बाभळीचा काटा अडकला होता, ती मामीनं गादीवर अंथरली. तिला पत्ता नाही. सकाळी पाहतो तर गादी ढिली पडलेली. मामी कपाळाला हात लावून बसली, "अवो माय, मुंबईची गादी म्या खाल्ली!" ठिगळ लावणारा सायकलवाला शेगावात, तो लग्नाला गेलेला. तोवर हवा मुंगीच्या पावलानं निघून राहिलेली. मामा संध्याकाळी फुगवायचे, उजाडेपर्यंत अर्धी. तशा ढिल्या गादीवर ते काही दिवस निजले.

एका सकाळी मामीनं पट्टी सोडली आणि मला हाक मारली, "इकडे ये. पाह्य, तुले काई दिसते का." पट्टी कोरडी होती. जखमेच्या कडेला कोवळी, गुलाबी कातडी. ताप उतरला होता. मामीनं माकडहाडाखाली, रबराच्या आणि मामांच्या मध्ये, हात घातला. तो सरळ आत गेला. टम्म फुगवलेल्या गादीवर हाड दाबून बसायचं, बोटसुद्धा शिरत नव्हतं; ढिली गादी अंगाला जागा देऊन राहिली होती.

मामा असे हसले की पाखरं उडावीत. "आपून रबराची बी कापसाची गादी करून टाकली वं! मूठ पाहाली, हात नाई पाहाला!" त्या दिवसापासून आमच्या घरात गादीची परीक्षा बदलली. काटा काढला, ठिगळ लागलं, पण गादी पुन्हा कधी टम्म झाली नाही. रोज संध्याकाळी मामा लागेल तेवढी फुंक घालायचे, मामी खालून तळहात सरकवायची. "हात गेला," ती म्हणायची, आणि तोटी बंद व्हायची.

त्या हातावर मामा जगले. अंथरुणावरून शेतीला हाळ्या दिल्या, माझ्या शिकण्याला विरोध करणाऱ्या भावकीला दिल्या, माझ्या लग्नात आशीर्वादाच्या वेळी तर अशी दिली की घोडं उधळलं. मी आज जी काही आहे ती त्या आवाजामुळं, आणि तो आवाज टिकला मामीच्या हातामुळं. हे मी आधी कधी बोलून दाखवलं नाही. आमच्यात बोलत नाहीत.

तेरवी झाल्यावर चांदभाई दारात आला. मामीनं विचारलं, "अम्मी कशी हाय?" त्याच्या म्हाताऱ्या आईला अर्धांग झालेलं. "पडून हाय, बाई."

"कशावर?"

"गादीवर. म्या सोता भरली."

"ठासून?"

चांदभाईनं मान खाली घातली. मामी उठली आणि मामांच्या खोलीतून रबराची गादी ओढत घेऊन आली. ती अजून भरलेली होती. तापाच्या आदल्या संध्याकाळी मामांनी भरलेली. चांदभाईनं घडी घालायला तोटीला हात लावला, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा!"... मामांचा श्वास होता आत. दुसरं काय सांगणार?

मामीनं माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं. "घडी नोको घालू," ती चांदभाईला म्हणाली. "गादी गाडीत तशीच जाईल. पन अम्मी बारीक हाय, एवढी हवा तिले टोचन." मग मला म्हणाली, "तू बी तिच्यावानी वाळलीच हायेस. निज, माप पाहू."

मी निजले. रबराचा तो ओळखीचा वास आला. मामीनं तोटी सैल केली आणि तिच्यासमोर आपला गाल धरला. सूं करत हवा जात राहिली, मी हळूहळू खाली बसत गेले. मग तिनं तोटी बंद केली आणि माझ्या माकडहाडाखाली हात घातला. खरबरीत, गरम, जात्यानं घट्टे पडलेला हात. तो पाठीखालून अलगद सरकत गेला आणि क्षणभर तिथंच थांबला.

मामांना हा हात एकदाही कळला नव्हता. इतकी वर्षं रोज.

"काऊन रडतं वं?" मामी म्हणाली. "टोचलं का?"

"नाही मामी," मी म्हणाले. "हात गेला."